बाहेरच्या अन्नातून विषबाधा: केसपेपरपासून नुकसानभरपाईपर्यंत

विषबाधा झालेली माणसं आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रावर येतात तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. जुलाब थांबलेले असतात, माणूस कामावर रुजू झालेला असतो, उरलेलं अन्न कचऱ्यात गेलेलं असतं आणि बिलाचा पत्ता नसतो. मग विचारतात, "मॅडम, आता काही होईल का?"

मी मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून केंद्रावर बसते. दोन्ही ठिकाणची कागदपत्रं हाताळल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की, या दाव्याचं भवितव्य पहिल्या दोन दिवसांतल्या कागदांवर ठरतं. त्यातला सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे दवाखान्यातला केसपेपर.

मुंबईत पोट बिघडणं इतकं सवयीचं झालंय की लोक त्याला नशीब समजतात. पावसाळा आहे, पाणी बाधलं असेल, बाहेरचं खाल्लं म्हणजे व्हायचंच. मला याचा मनापासून राग येतो. रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी बुडते, घरातलं लहान मूल सलाईनवर जातं आणि हॉटेलवाला पुढच्या ऑर्डरवर सूट देऊन मोकळा होतो. कायद्याने तुम्हाला याहून खूप जास्त दिलं आहे. ते मागायचं कसं, हे इथे सविस्तर सांगते.

आधी तब्येत

ओआरएसचं पाकीट आणा आणि त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. शौचातून रक्त, १०२ च्या वर ताप, पाण्याचा घोटही टिकू न देणाऱ्या उलट्या, लघवी कमी होणं, गुंगी, किंवा तीन दिवसांहून जास्त जुलाब, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका. लहान मूल, गरोदर बाई आणि वयस्क माणूस यांच्या बाबतीत तर एवढीही वाट पाहू नका. रक्त किंवा ताप असताना जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

केसपेपरवरची एक ओळ

कॅज्युअल्टीतला डॉक्टर गर्दीत लिहितो: "लूज मोशन, व्हॉमिटिंग, एक दिवसापासून. एजीई." एजीई म्हणजे अ‍ॅक्यूट गॅस्ट्रोएन्टेरायटिस, पोटाला आणि आतड्याला आलेली सूज. हे आजाराचं नाव झालं, कारण त्यात कुठेच नाही. पुढे भरपाईचा दावा ग्राहक आयोगात गेला की तिथे हॉटेलचा वकील हाच कागद उचलतो आणि विचारतो, यात आमच्या जेवणाचा उल्लेख कुठे आहे? तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसतं.

म्हणून डॉक्टरसमोर बसल्यावर पोट कुठे दुखतंय याच्या आधी हे सांगा: काल रात्री साडेनऊला अमुक हॉटेलात चिकन बिर्याणी खाल्ली, पहाटे तीनला उलट्या सुरू झाल्या, सोबत जेवलेले दोघंही आजारी आहेत. मग शांतपणे विनंती करा, "डॉक्टर, हे हिस्ट्रीमध्ये लिहाल का?" काही डॉक्टर बिचकतात. आपण कोणावर ठपका ठेवतोय असं त्यांना वाटतं. तेव्हा म्हणा, "पेशंटच्या सांगण्यानुसार, एवढंच लिहा." हिस्ट्री म्हणजे पेशंटने जे सांगितलं त्याची नोंद. तो डॉक्टरचा निष्कर्ष नसतो, त्यामुळे ती लिहायला अडचण नसते.

कागद हातात आला की खिडकीपाशीच वाचा. ओळ राहून गेली असेल तर तेव्हाच परत जा आणि डॉक्टरकडून तारीख, वेळ आणि सहीसकट लिहून घ्या. आठवड्याने कोणाच्या तरी ओळखीने ती घालून घ्यायचा विचारही करू नका. रेकॉर्डमध्ये मागाहून घुसवलेली ओळ मी कितीतरी वेळा पाहिली आहे. शाई वेगळी असते, अक्षर दोन ओळींच्या मधे दाटीवाटीने बसवलेलं असतं, बाजूला सही नसते. समोरच्या वकिलाला ती दिसते आणि मग तुमच्या खऱ्या कागदांवरही संशय येतो.

आणखी दोन गोष्टी तिथेच मागा. पहिली, स्टूल कल्चर, म्हणजे शौचाच्या नमुन्यात कुठले जंतू वाढतात याची तपासणी. नमुना शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचा, कारण नंतर जंतू सापडायची शक्यता कमी होते. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर लोक बरे होतात आणि रिपोर्ट आणायलाच जात नाहीत. तो आणा. एकाच टेबलावर जेवलेल्या दोघांच्या नमुन्यात एकच जंतू निघाला तर यासारखा पुरावा नाही. दुसरी गोष्ट, प्रकृती गंभीर असेल किंवा बरेच लोक एकदम आजारी पडले असतील तर हे एमएलसी म्हणून, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण म्हणून नोंदवलं आहे का ते विचारा. नोंदवलं असेल तर तो नंबर वहीत उतरवून घ्या.

डिस्चार्ज कार्ड, रोजचे तपासणीचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, लॅबचे रिपोर्ट हे सगळं लेखी अर्ज करून मागता येतं. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. मेडिक्लेममध्ये मूळ बिलं द्यावी लागतात, म्हणून ती देण्याआधी प्रत्येक कागदाची प्रत काढून त्यावर रुग्णालयाचा शिक्का घ्या.

दोष कोणत्या जेवणाचा?

आपण शेवटच्या जेवणाला दोष देतो आणि पुष्कळदा तिथेच चुकतो. वेळेचं गणित जमलं नाही तर दावा पहिल्याच फेरीत पडतो, म्हणून हे नीट समजून घ्या.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या तर संशय स्टॅफिलोकोकसच्या विषावर जातो. हा जंतू माणसाच्या हातावर, नाकात, जखमेत असतो. बासुंदी, रबडी, क्रीम, कापलेली मिठाई उघड्यावर राहिली की त्यात विष तयार होतं आणि पदार्थ पुन्हा गरम करूनही ते जात नाही. सकाळी शिजवून बाहेरच ठेवलेला आणि रात्री फ्राइड राईससाठी वापरलेला भात बॅसिलस सिरियसमुळे साधारण तेवढ्याच वेळात उलट्या करवतो. मोठ्या पातेल्यात शिजवून हळूहळू कोमट होत गेलेल्या मटणाच्या रश्श्यामुळे ६ ते २४ तासांत पोटात कळा आणि जुलाब होतात. तो क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. अर्धवट शिजलेलं चिकन आणि कच्च्या अंड्याचं मेयोनीज यांतला साल्मोनेला ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही डोकं वर काढतो. कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस लागतात. अ प्रकारची कावीळ तर १५ ते ५० दिवसांनी येते, म्हणजे तिचा माग काढायला दीड महिन्यापूर्वीचं खाणं आठवावं लागतं.

म्हणून आजारी पडल्यापासून मागे जात निदान तीन दिवसांचं सगळं खाणं-पिणं लिहून काढा. घरचं, ऑफिसच्या कॅन्टीनचं, स्टेशनबाहेरच्या सरबताचंसुद्धा. गैरसोयीचं वाटतंय म्हणून काही लपवू नका. उलटतपासणीत ते बाहेर येतंच.

कोणी काय खाल्लं, याची वही

दादरच्या एका हॉलमधल्या साखरपुड्याचं प्रकरण आमच्याकडे आलं होतं. दुपारची पंगत झाली आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत दोन्हीकडच्या पाहुण्यांना उलट्या सुरू झाल्या. मुलीचे मामा शांत डोक्याचे. त्यांनी त्याच रात्री शाळेची दुरेघी वही घेतली, रकाने आखले आणि एकेकाला फोन लावला. नाव, काय काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, कुठे उपचार घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वही भरली आणि चित्र स्पष्ट झालं. मधुमेह आहे म्हणून बासुंदीला हात न लावलेले काका ठणठणीत होते. कार्यक्रमाला न आलेली, पण घरी पाठवलेल्या डब्यातली फक्त बासुंदी खाल्लेली शेजारीण मात्र रात्री रुग्णालयात होती.

कॅटररने आधी हॉलच्या पाण्यावर बोट ठेवलं. पण पाणी सगळ्यांनी तेच प्यायलं होतं आणि शेजारीण तर हॉलमध्ये पाऊलही टाकून आली नव्हती. वहीपुढे त्याचा बचाव टिकला नाही. ज्यांनी ज्यांनी औषधपाण्याची बिलं जपली होती, त्यांना तडजोडीत पैसे मिळाले.

मुंबईत समोरच्या पक्षाचा पहिला बचाव हा असाच असतो: गॅस्ट्रोची साथ आहे, तुमच्या सोसायटीची टाकी खराब असेल. त्याला उत्तर म्हणजे तुमच्याच घरातली, तेच पाणी पिणारी, पण ते जेवण न घेतलेली आणि धडधाकट असलेली माणसं. त्यांची नावं वहीत असलीच पाहिजेत. आयोगात फौजदारी खटल्यासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही. कोणती गोष्ट जास्त संभाव्य आहे हे पाहिलं जातं, आणि तिथे अशी वही फार बोलते.

बिल, अन्न आणि फोन

बिल नसेल तर यूपीआयचा व्यवहार दाखवा. हातगाडीवर २० रुपये भरले असतील तरी नाव, तारीख, वेळ त्यात असते. डिलिव्हरी ॲपवरून मागवलं असेल तर ऑर्डरच्या तपशिलाचे स्क्रीनशॉट लगेच काढा आणि ई-मेलवर आलेलं बिलही जपा. बिलावर आणि दुकानाच्या दर्शनी भागात एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक असायला हवा. त्याचा फोटो घ्या. तो नसेल तर तीही वेगळी तक्रार आहे.

उरलेलं अन्न असेल तर आहे त्या डब्यातच झाकून, स्वच्छ पिशवीत गुंडाळून, वर तारीख आणि वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नको, गोठल्यावर काही जंतू मरतात. पाकीटबंद पदार्थ असेल तर वेष्टन, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख जपा. त्याच बॅचचं न उघडलेलं पाकीट मिळालं तर पावतीसह घेऊन ठेवा.

अन्न सुरक्षा कायद्यात ग्राहकाला स्वतः अन्न तपासून घ्यायचा अधिकार आहे, पण विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. आजारी पडल्यावर त्याचा उपयोग नाही. खासगी लॅबमध्ये तपासून घेता येतं, फक्त लॅबला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता हवी. तरी समोरचा म्हणणारच की डबा तुमच्या घरी होता, त्यात काय मिसळलं कोणास ठाऊक. म्हणून एकट्या लॅब रिपोर्टवर विसंबू नका. केसपेपर, वही आणि रिपोर्ट एकमेकांना धरून असले की दावा उभा राहतो.

एफडीएकडे तक्रार

ही त्याच दिवशी करा. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजेच एफडीएचं, त्यांचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. टोल फ्री क्रमांक १८०० २२२ ३६५. केंद्रीय एफएसएसएआयचा १८०० ११२ १००, शिवाय ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवरूनही तक्रार जाते. फोन केलात तरी लेखी तक्रार कराच आणि पोच घ्या. एक प्रत तुमच्या वॉर्ड ऑफिसातल्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, कारण उपाहारगृहांच्या आरोग्य परवान्याचं काम महापालिकेकडे असतं.

अन्न सुरक्षा अधिकारी जाऊन नमुना घेतो आणि अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो नमुना तुम्ही खाल्लेल्या घाण्याचा नसतो, त्यामुळे तो चांगला निघाला तरी खचून जाऊ नका. तपासणीच्या वेळी स्वयंपाकघराबद्दल काय नोंदवलं गेलं, हे जास्त कामाचं. फ्रीजचं तापमान, कच्चं आणि शिजवलेलं एकत्र ठेवलेलं, कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचे दाखले नसणं. माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर या अहवालाची प्रत मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ६५ फार थोड्या लोकांना माहीत असतं. अन्नामुळे इजा झाली तर न्यायनिर्णय अधिकारी किंवा न्यायालय विक्रेत्याला थेट भरपाई द्यायला सांगू शकतं. मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत आणि इतर इजांसाठी १ लाखापर्यंत. घटनेपासून सहा महिन्यांच्या आत रक्कम द्यावी आणि मृत्यूच्या बाबतीत वारसांना ३० दिवसांत अंतरिम मदत मिळावी, असं कलमात लिहिलेलं आहे. तुमच्या लेखी तक्रारीत शेवटी "कलम ६५ अन्वये भरपाई मिळावी" हे वाक्य स्वतंत्र परिच्छेद करून लिहा.

जीवावर बेतलं असेल तर पोलिसांत जा. अपायकारक अन्न विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७५ खाली गुन्हा आहे. मे २०२४ मध्ये मानखुर्दला गाडीवरचा चिकन शोरमा खाल्ल्यानंतर एका १९ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांनी दोन विक्रेत्यांना अटक केली होती. तो मुलगा कमावता होण्याच्या वयाचा होता. अशा घरच्यांनी फक्त फौजदारी खटल्याची वाट पाहत बसू नये. भरपाईचे दरवाजे वेगळे आहेत आणि ते एकाच वेळी ठोठावता येतात.

हॉटेलला नोटीस

आयोगात जाण्याआधी नोटीस द्यायची सक्ती नाही, पण देणं शहाणपणाचं. वकील लागत नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, ई-मेलही करा. मजकूर साधारण असा:

"दिनांक … रोजी रात्री … वाजता आपल्या … येथील उपाहारगृहात मी व माझ्या कुटुंबीयांनी भोजन केले (बिल क्र. …, रक्कम रु. …). त्यानंतर … तासांनी आम्हा … जणांना उलट्या व जुलाब सुरू झाले व … येथे उपचार घ्यावे लागले. केसपेपर, तपासणी अहवाल व बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आपण दिलेले अन्न खाण्यास असुरक्षित होते व ही सेवेतील त्रुटी आहे. वैद्यकीय खर्च रु. …, बुडालेले उत्पन्न रु. … व शारीरिक-मानसिक त्रासापोटी रु. … अशी एकूण रु. … भरपाई ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावी. अन्यथा ग्राहक आयोगात दाद मागण्यात येईल."

"पैसे द्या नाहीतर एफडीएकडे जाईन, सोशल मीडियावर बदनामी करीन" असलं काही लिहू नका आणि फोनवर बोलूही नका. ते खंडणी म्हणून तुमच्यावरच उलटू शकतं. एफडीएकडची तक्रार तुम्ही आधीच केलेली असावी आणि तिचा सौदा होऊ नये. रिव्ह्यू लिहायचाच असेल तर घडलेलं तेवढंच लिहा.

ॲपवाले चॅटवर लगेच पैसे परत करतात. घ्या, पण त्याच चॅटमध्ये लिहा: "हा परतावा फक्त जेवणाच्या किमतीचा आहे, भरपाईचा हक्क मी सोडलेला नाही." हॉटेलचा मॅनेजर घरी येऊन पाकीट देत असेल आणि ‘फुल अँड फायनल’ असं छापलेल्या कागदावर सही मागत असेल तर रक्कम खरोखर पटल्याशिवाय सही करू नका. ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेही तक्रार टाका. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. पुढे आयोगात हॉटेल आणि ॲप दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. आम्ही नुसते मधले आहोत हे ॲपचं म्हणणं ऐकायचं की नाही, ते आयोग ठरवेल.

ग्राहक आयोग

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथली तक्रार कंपनीपर्यंत पोचते आणि कधीकधी तेवढ्यावर मिटतं, पण तिथून आदेश मिळत नाही. आदेश हवा असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात जायचं. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगातही दाखल करता येतं, त्यामुळे लोणावळ्याच्या हॉटेलात बाधा झाली तरी मुंबईतच तक्रार चालते. उपनगराचं आयोगाचं कार्यालय वांद्रे पूर्वेला, शहराचं परळला. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येतं. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे.

कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, खाण्यासाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. म्हणजे हजार रुपयांचं जेवण असेल तर फी लागतच नाही. वकीलही सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. हवी असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, १९७५ पासून हे काम करणाऱ्या संस्थेची मदत घ्या.

बिल ज्याच्या नावावर तोच ग्राहक, असा गैरसमज आहे. पैसे देणाऱ्याच्या संमतीने ज्याने खाल्लं तोही ग्राहकच. त्यामुळे साखरपुड्याचे पाहुणे किंवा मित्राने दिलेल्या पार्टीतले लोक दावा करू शकतात, आणि आयोगाच्या परवानगीने सगळे मिळून एकच तक्रारही देऊ शकतात. ज्या जेवणासाठी कोणीच पैसे मोजलेले नाहीत, उदाहरणार्थ शेजाऱ्याने घरी बोलावून घातलेलं जेवण, तिथे मात्र ग्राहक आयोगाचा रस्ता बंद असतो.

रकमेबद्दल माझं स्पष्ट म्हणणं आहे. दोन दिवसांच्या जुलाबासाठी २५ लाख मागितले की तुमच्या बाकीच्या म्हणण्यालाही वजन राहत नाही. औषधं, तपासण्या, रुग्णालय, रिक्षा-टॅक्सी, सोबत थांबलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, परीक्षा किंवा प्रवास बुडाला असेल तर त्याचं नुकसान, हे सगळं आधी पैशासकट मांडा. नोकरदाराने रजेचा दाखला आणि पगाराची स्लिप जोडावी. घरकाम करणाऱ्या किंवा नाक्यावरच्या मजुराने ज्यांच्याकडे काम करतात त्यांच्याकडून दिवसाचा दर आणि गैरहजेरीचे दिवस लिहिलेलं साधं सहीचं पत्र घ्यावं. या लोकांचं नुकसान सगळ्यात जास्त असतं आणि कागद सगळ्यात कमी, म्हणून ते पत्र मी हट्टाने मागते. त्यानंतर त्रासाची रक्कम आणि दाव्याचा खर्च वेगळा मागा.

तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र आणि पानांवर नंबर घातलेली कागदपत्रांची यादी लागते. दाखल करून घ्यायचं की नाही, हे साधारणपणे २१ दिवसांत ठरायला हवं. नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांवर एक दिवसही वाढ देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हिली मल्टिपर्पजच्या प्रकरणात सांगितलं आहे. ती तारीख वहीत लिहून ठेवा आणि उत्तर आलं नसेल तर आयोगाच्या लक्षात आणून द्या. उपचार करणाऱ्या डॉक्टरचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर फार बळ येतं. दोन पानांचंच असू द्या, पण आजाराची वेळ आणि ते जेवण यांचा मेळ बसतो, एवढं त्यात यावं.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावावा असं आहे, तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ जातो, मनाची तयारी ठेवा. तारखेला हजर राहा किंवा व्हिडिओद्वारे सुनावणीसाठी अर्ज करा, कारण तक्रारदारच गैरहजर राहिला तर तक्रार निकाली निघू शकते. मधेच मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर तो झिडकारू नका. फक्त रक्कम, तारीख आणि चेक न वटल्यास काय, हे तिन्ही तडजोडपत्रात लिहून घ्या.

आदेश तुमच्या बाजूने लागला की प्रमाणित प्रत विनामूल्य मिळते. सामनेवाल्याला ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं, पण त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज द्या. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते. आणि आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या अर्जालाही फार कागद लागत नाहीत: आदेशाची प्रत, रक्कम मागितल्याचं पत्र आणि त्याची पोस्टाची पोच.